मनू, गुडघा कसा आहे?

मनू,

काल फोनवर सहज बोलल्यासारखं बोललीस, "पप्पा, कॉलेजच्या फुटबॉल टीमला नाव दिलंय, आणि गुडघा जरा सुजलाय", आणि लगेच मेसची वेळ झाली म्हणून ठेवलास. आई म्हणाली झोपा आता, सकाळी बोला. मला काही झोप आली नाही म्हणून हे टाइप करतोय, गुडघ्याबद्दल जास्त बोलणार नाही असं ठरवून.

आधी हे की मला लई आनंद झाला. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला तुला खांद्यावर बसवून न्यायचो तेव्हा तू चार वर्षांची, पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब या दोन टीमची मॅच, अख्खी पेठ ओरडतीय आणि तू मांडीवर शेंगा सोलत बसलेली, एकदा मान वर केली नाहीस. आणि आता अठराव्या वर्षी तुलाच गोल मारायचाय.

ऑफसाइड कळत नाही म्हणालीस ना. पास देणारीच्या पायातून बॉल सुटतो तो क्षण बघायचा. त्या क्षणी तू समोरच्यांच्या हाफमध्ये, बॉलच्या पुढं, आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढं असलीस, आणि मग त्या बॉलवर खेळलीस, तर ऑफसाइड. त्यांची गोलकीपरही त्यात मोजायची. थ्रो-इन, कॉर्नर, गोलकिकवरून थेट बॉल आला तर ऑफसाइड नसतंच. आणि कानातले काढून ठेव, वर टेप लावलेलं चालत नाही. आजीचे आहेत माहितीय, डबीत ठेव.

आता शूटिंग. तुझा बॉल बारवरून जातोय, म्हणजे मारताना तू मागं रेलतीयस, किंवा टेकवायचा पाय बॉलच्या मागंच राहतोय. तो पाय बॉलच्या शेजारी यायला पाहिजे, वीतभर अंतरावर, बोटं जिकडं मारायचं तिकडं. मारायच्या पायाचा घोटा घट्ट, पंजा खाली, बॉल लेसवर बसला पाहिजे, टोकानं मारू नकोस. छाती बॉलवर, नजर बॉलवर, मारल्यावर पाय थांबवायचा नाही, पुढं जाऊ द्यायचा. पेनल्टी 11 मीटरवरून असते, तिथं ताकदीपेक्षा जागा बघ, पायाच्या आतल्या बाजूनं कोपऱ्यात सार. आणि टेकवलेला गुडघा ताठ ठेवू नकोस, थोडा वाकलेला असू दे.

आलोच बघ परत गुडघ्यावर. काय करू, बाळूकाकाचं मी डोळ्यांनी बघितलंय. बूट मातीत रुतला आणि अंग तेवढं फिरलं, कुणाचा धक्कासुद्धा नव्हता. वर्षभर मालिश करत बसले, लिगामेंट, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा पट्टा, हा शब्द आम्हाला फार उशिरा कळला. अजून जिना उतरताना तो कठडा धरतो, तुला वाटायचं सवय आहे. आणि मुलींचं ते लिगामेंट तुटायचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. म्हणून वॉर्मअप कधी टाळू नकोस, उडी मारून खाली येताना गुडघे आत वळू देऊ नकोस, आणि सूज असताना तर ग्राउंडवर पाय ठेवायचा नाही, कोच काहीही म्हणू देत.

लेक्चर झालं, सॉरी. तू मोठी झालीयस, कळतं तुला.

2017 ला आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून अंडर-17 वर्ल्डकप खेळला तेव्हा तू मला विचारलं होतंस, मुलींचा पण असतो का? मी मॅचच्या नादात हूं म्हटलं. 2022 ला मुलींचा आपल्याच देशात झाला, नवी मुंबईतही मॅच होत्या, तुला न्यायला पाहिजे होतं, दुकान सोडून निघणं झालं नाही. ते राहून गेलेलं मला अजून टोचतं. तुझी पहिली मॅच असेल तेव्हा दुकान बंद ठेवणार, बेंचवर बसलीस तरी येणार.

नडगीवर बांधायचे शिनगार्ड दादाबरोबर पाठवतोय, त्याशिवाय खेळू देत नाहीत. सकाळी दोन्ही गुडघ्यांचा एकत्र फोटो पाठव, म्हणजे सूज किती ते कळेल. आईला दाखवणार नाही.

पप्पा