चाक कोण धरून ठेवतंय?

चिपळूण

चि. मुक्ता,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू म्हणालीस, गाडी डावीकडे ओढते, ॲव्हरेज उतरलंय आणि कात्रजवरून घरी पोचल्यावर पुढच्या डाव्या चाकाशी जळका वास येत होता. गॅरेजमध्ये ब्रेकचे पॅड बदलायला सांगितलेत. आत्ता बदलू नकोस. तुझा ब्रेक सुटत नाहीये. चाक कोण धरून ठेवतंय हे कळल्याशिवाय नवे पॅड घातलेस तर तेही जळतील.

आणि ही गाडी घेऊन गणपतीला कुंभार्ली घाट उतरायचा नाही. धरलेला ब्रेक घाटात तापत जातो, ती उष्णता पॅड ढकलणाऱ्या पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत तग धरतं, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी मुरल्यावर हाच आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, मग पाय पेडलवर असून पेडल तळाला जातं. घाटात हे झालं तर काय, ते मला लिहवत नाही.

फोनवर सांगितलेलं पाना हातात असताना आठवत नाही, म्हणून लिहून फोटो पाठवतोय.

आधी दहा-पंधरा मिनिटं सपाट रस्त्यावर, शक्य तितका कमी ब्रेक मारत गाडी चालव. थांबल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात ने, डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, लावायचा नाही. एका बाजूची धग दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त असेल तर चाक तेच. मग पार्किंगमध्ये सपाट जागी मागच्या चाकांना विटा लाव, हँडब्रेक ओढ, नट सैल करून जॅक लाव, खाली आधाराची लोखंडी घोडी ठेव. नुसत्या जॅकवर हात आत घालायचा नाही. गिअर न्यूट्रलला. चाक हाताने फिरव. पॅडची हलकी घासट येणारच, पण दोन्ही हातांनी जोर लावावा लागला तर ते धरलंय.

आता एकदा ब्रेक दाबून सोड. चाक काढून कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या, मागचा निप्पल (ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल कर, खाली डबा धर. ऑइल जोरात उडालं आणि डिस्क लगेच मोकळी फिरली, तर पिस्टन निर्दोष आहे. दाब आतच अडकला होता. एकाच चाकाला असं होत असेल तर बहुतेक कॅलिपरला ऑइल नेणारा रबरी होज आतून सुजलाय. पायाच्या जोराने ऑइल आत जातं, परत यायला वाट उरत नाही. बाहेरून होज नव्यासारखा दिसतो, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही आणि चांगला कॅलिपर बदलला जातो. दोन्ही पुढची चाकं धरत असतील तर संशय वर, पेडलमागे ऑइल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरवर. निप्पल लगेच घट्ट कर. बॉनेट किंवा रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाणी ओत, ते रंग खातं.

निप्पल उघडूनही चाक सुटलं नाही, तर दोघेच उरले. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना आणि पिस्टन. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचल आणि दोन्ही पिना हाताने आतबाहेर कर. लोण्यासारख्या सरकल्या पाहिजेत. पिन अडली की कॅलिपर सरकत नाही, मग आतला पॅड झिजून पत्र्याला येतो आणि बाहेरचा जवळजवळ नवा राहतो, किंवा पॅड एका टोकाला तिरका झिजतो. पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं की काम झालं. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

पिना मोकळ्या निघाल्या तर पिस्टन. त्याला मागे ओढणारी स्प्रिंग नसते, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आत चौकोनी काठाचं रबरी सील असतं. पिस्टन पुढे गेला की ते त्याच्याबरोबर किंचित पिळतं, पाय उचलला की सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे आणतं. एवढ्याशा रबराच्या ओढीवर चाक सुटतं. गंजाचा एक पापुद्रा तिथे आला की ती ओढ पुरत नाही.

२०२१ च्या जुलैत पूर ओसरल्यावर मी किती कॅलिपर उघडले याचा हिशोब नाही. बाहेरून धुतलेले, चकचकीत. बूट, म्हणजे पिस्टनवरचं रबरी आवरण, उचलला की आत कॉफीच्या गाळासारखा चिखल आणि पिस्टनवर तांबूस कडं. बूट कुठेतरी बारीक चिरलेला असायचा, नखाएवढा. तुझ्याही बुटाची घडी बोटाने उघडून बघ.

पिस्टन पक्कडीने ओढू नकोस आणि कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नकोस. माझ्या डाव्या मधल्या बोटाचं नख वाकडं का, असं लहानपणी विचारायचीस आणि मी दारात सापडलं सांगायचो. ते दार नव्हतं. एकोणीस वर्षांचा होतो, हवा मारली आणि पिस्टन बाहेर येताना समोर बोट होतं. गोळीसारखा येतो. होज जोडलेला असतानाच, समोर लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू पेडल दाबलं की पिस्टन आपणहून बाहेर येतो. गाडीचा ब्रेक स्वतःच त्याला ढकलतो, दुसरी ताकद लागत नाही.

पण तो भाग आपण दोघांनी करू. पिस्टन ब्रेक क्लीनरने पुसून उजेडात धरायचा. नुसता डाग असेल तर निघतो. सील जिथे बसतं तिथे क्रोम उडून खड्डा पडला असेल, तर घासत बसणं चूक, नवा पिस्टनच. सीलची खाच लाकडाच्या काडीने साफ करायची, स्क्रू-ड्रायव्हरने नाही. नवं सील ब्रेक ऑइल लावून बसवायचं. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल तिथे कधीच नाही. मग पाइपातली एअर काढायची, सगळं ऑइल बदलायचं आणि चाक चढवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक येईपर्यंत मारायचं.

मी शनिवारी सकाळच्या एसटीने येतो. गुरुवारी रात्रीपर्यंत एवढं कळव: निप्पल उघडल्यावर चाक सुटलं की नाही, पिना सरकतात का, आतला पॅड बाहेरच्यापेक्षा किती झिजलाय आणि बूट फाटलाय का. त्याप्रमाणे होज आणायचा की सील किट, ते ठरवतो. उजव्या चाकाचंही किट आणीनच, त्याचंही वय तेवढंच आहे. तोवर ऑफिसला बसने जा.

आईने लसणाची चटणी दिली आहे.

तुझा,
बाबा