कॅमेरा नंतर, आधी समंत्रक

जळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. दूरशिक्षणाच्या ऑनलाइन विभागाचं प्रमुखपद तू स्वीकारलंस, फार बरं वाटलं. पण पत्रात पहिलाच प्रश्न स्टुडिओचा आणि कॅमेऱ्याचा विचारलास. तो खर्च थांबव. आधी समंत्रक, म्हणजे विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवून त्यांना मार्गदर्शन करणारे शिक्षक, नेम.

दूरशिक्षणातला विद्यार्थी बहुधा सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांतच गळतो. लॉगिन होत नाही, कुणाला विचारावं ते कळत नाही, मग तो गप्प बसतो आणि आपण समजतो, अभ्यास चाललाय. म्हणून दहाव्या दिवसाच्या आत अर्ध्या तासात होईल असा छोटा गृहपाठ ठेव. ज्यांचा आला नाही त्यांची यादी अकराव्या दिवशी समंत्रकाच्या हातात हवी आणि त्याने फोनच करायचा. मेसेज वाचून सोडून देतात. एका समंत्रकाकडे ३०-४० पेक्षा जास्त विद्यार्थी देऊ नकोस, नाहीतर सगळ्यांत आधी फोन करणंच थांबतं. गृहपाठ दहा दिवसांत शेऱ्यासह परत जायला हवा. उशिरा आलेला शेरा पुढच्या गृहपाठाला उपयोगी पडत नाही.

वेळेचा हिशेब प्रवेशाच्या वेळीच सांग. १ श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ४ श्रेयांकांचा विषय १२० तासांचा. १६ आठवड्यांत आठवड्याला साडेसात तास. असे चार विषय घेतले तर ३० तास होतात. दिवसभर शेतात किंवा दुकानात राबणाऱ्याने ते कुठून आणायचे?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर रेंज सगळीकडे सारखी नसते. ३२ केबीपीएसवर (सेकंदाला ३२ किलोबिट) केलेला १० मिनिटांचा ऑडिओ साधारण २.४ एमबीचा होतो, ५०० केबीपीएसचा व्हिडिओ ३७ एमबीच्या पुढे जातो. तेव्हा पाठ ऑडिओ आणि छापील पुस्तिकेत दे. प्रयोग, आकृती असं डोळ्यांनी पाहावं लागणारं तेवढंच व्हिडिओत. पुस्तिकेची वाक्यं छोटी ठेव, कारण पुष्कळांच्या घरी पावरी, भिली किंवा अहिराणी बोलतात. फोनवरचा समंत्रक त्यांची भाषा बोलणारा मिळाला तर अडचण लवकर बाहेर येते. हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

वेळापत्रकाचा कच्चा आराखडा पाठव. त्यात आधी कापूसवेचणीचे आठवडे मांड, गृहपाठाच्या आणि संपर्कसत्रांच्या (विद्यार्थ्यांशी समोरासमोर घ्यायच्या तासांच्या) तारखा त्यानंतर.

तुझा,
मित्र