समाजशास्त्राचे ऋण

महोदय,

मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. पुढे डॉ. घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास त्यांचेच विद्यार्थी. त्याच विभागातून आम्ही मैत्रिणी एम.ए. झालो. ‘याने नोकरी लागणार का?’ असं घरचे विचारत. बाईंनी मात्र आम्हाला चाळींत पाठवलं: नळावर पहिला हंडा कुणाचा लागतो, घरात शेवटी कोण जेवतं, बघा आणि लिहा. आज आमच्यातली एक पालिका शाळेत शिकवते. मूल गैरहजर राहिलं, की रागावण्याआधी ती घरी जाऊन येते. ही सवय विद्यापीठाच्या कालिना संकुलातली! आमच्या सर्व शिक्षकांना मनापासून धन्यवाद.

– एक माजी विद्यार्थिनी, डोंबिवली