आधी वाच, मग विकत घे

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

‘हल्लीच्या चांगल्या दहा मराठी कादंबऱ्यांची नावं पाठव, सेल चालू आहे, एकदमच मागवून टाकतो,’ हा तुझा निरोप वाचला. फोनवर बोलले असते तर ‘हो हो’ करून मोकळा झाला असतास, म्हणून सविस्तर लिहिते आहे. नावं देते, पण दहा नाही, आणि मागवण्यासाठी तर मुळीच नाही. तुमच्या हॉलमधल्या पांढऱ्या कपाटात मागच्या सेलची पुस्तकं अजून वेष्टनातच आहेत. गणपतीत आले होते तेव्हा पाहिली. ऋजुतासमोर बोलले नाही, इतकंच.

त्यापेक्षा वाचनालयाचा सभासद हो. तुमच्या पिंपरीतही शोधलंस तर सापडेल. पाटीवर ‘शासनमान्य’ आणि त्यापुढे अ, ब, क, ड यांपैकी एखादा वर्ग लिहिलेला असला की समजायचं, हे १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारं सार्वजनिक ग्रंथालय आहे. ‘ड’ दिसला म्हणून नाक मुरडू नकोस. पुस्तकं किती, सभासद किती, किती तास उघडं, असल्या गोष्टींवर वर्ग ठरतो. टेबलामागे बसलेल्या माणसाला पुस्तकांची किती जाण आहे, हे कुठल्याच वर्गात मोजत नाहीत.

पण माझं ऐकशील तर शहरातच ये. ‘पेठेत गाडी लावायला जागा नाही’ हे तुझं ठरलेलं कारण आता चालायचं नाही. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जमिनीखालून थेट स्वारगेटपर्यंत जाते. संत तुकारामनगरला बसायचं, कुठेही न बदलता मंडईला उतरायचं. तिथून चालत बुधवार पेठेतलं पुणे नगर वाचन मंदिर, आणि आणखी थोडी पायपीट केलीस तर नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय. नगर वाचन मंदिर १८४८ चं, लोकहितवादींच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. त्याच वर्षी, त्याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. आता पेठ एक आणि साल एक, पण त्या शाळेतल्या मुलीला ग्रंथालयाची पायरी चढून स्वतःच्या पसंतीचं पुस्तक मागायला पुढे किती काळ जावा लागला असेल, हे माझ्या मनात तिथून जाताना हमखास येतं. माझ्या आजीला उत्तम वाचता यायचं. पुस्तक मात्र आजोबा आणायचे, त्यांना आवडेल ते. त्यामुळे तिने आयुष्यभर ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या. तिला त्या आवडत होत्या की नाही, हे कुणी विचारलंच नाही.

सभासद झालास की पहिल्याच दिवशी कपाटांकडे धावू नकोस. देवघेवीच्या टेबलाशी थांब. लोकांनी नुकतीच परत केलेली पुस्तकं तिथे पडलेली असतात, अजून जागेवर लागलेली नसतात. तो ढीग आधी चाळायचा. शिफारस म्हणून त्याच्यापेक्षा खरं काही नाही, कारण त्यातलं प्रत्येक पुस्तक कुणीतरी पिशवीत घालून घरी नेलेलं असतं. मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी असेल तर तीही बघ. संगणक आल्यापासून बऱ्याच ठिकाणी चिठ्ठ्या गेल्या, जुन्या पुस्तकांत मात्र अजून असतात. एखाद्या कादंबरीवर शिक्क्यांना जागा पुरलेली नसते आणि वर दुसरी चिठ्ठी डकवलेली असते. एखादीवर एकच तारीख, मग सगळं कोरं. कोरं ते वाईट असं अजिबात समजू नकोस. माझ्या लाडक्या पुस्तकांतली निम्मी तसलीच आहेत.

समासातल्या शेऱ्यांची मजा वेगळीच. पुस्तकात लिहू नये, मान्य. तरी आमच्या वाचनालयात कुणीतरी पेन्सिलवाले आहेत, ते गेली कित्येक वर्षं प्रत्येक कादंबरीतलं शुद्धलेखन तपासत आहेत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की बारीक रेघ, अनुस्वार राहिला की टिंब. परवा एका कादंबरीत नायिका घर सोडून जाते त्या पानावर, सगळे डोळे पुसत असतील अशा ठिकाणी, त्यांनी लिहिलं होतं, ‘पृ. ४२ वर हीच आत्या वारलेली आहे.’ मी मागे जाऊन पाहिलं. खरंच वारलेली होती. विकतच्या कोऱ्या प्रतीत हे कुठून मिळणार?

आता कादंबऱ्यांकडे येते.

सगळ्यांत आधी ‘उसवण’ आण. देविदास सौदागर यांची आहे, पुण्याच्याच देशमुख आणि कंपनीने काढलेली. २०२४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, पण माझ्यापर्यंत ती पुरस्काराच्या बातमीतून आली नाही. आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, तुला माहीतच आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून बसलेली असतात, स्वतःची पुस्तकं घेऊन. खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांना त्यातलं क्वचितच कुणी हात लावतं, आणि त्यांच्या शुल्कावर वाचनालयाचं वीजबिल भागतं, असा सगळा उलटा मामला आहे. तर त्यांतला एक धाराशिवकडचा मुलगा टेबलाशी उभा राहून हे पुस्तक मागत होता, आणि एकुलती एक प्रत नेमकी माझ्या हातात होती. मी पुढे केली तर म्हणाला, ‘न्या तुम्ही काकू, माझी परीक्षा हाय.’ मग जाता जाता सांगू लागला, त्याचे चुलते शिवणकाम करतात. दिवाळीच्या आधी त्यांच्याकडे कापडांचे ढीग पडायचे, रात्रभर मशीन चालायचं. आता लोक तयार पँट घेऊन येतात आणि खालून दोन इंच कमी करून मागतात, नाहीतर चेन बदलून.

कादंबरी याच माणसाची आहे, खेड्यातल्या शिंप्याची. तयार कपड्यांनी त्याच्या पोटावर पाय येतो. लेखकाने स्वतः शिवणकाम केलेलं आहे, रखवालदाराची नोकरीही केलेली आहे. त्यामुळे यातली गरिबी लांबून पाहिलेली वाटत नाही. कुठे गळा काढलेला नाही, कुणी खलनायक नाही. उधारी, दुकानाचं भाडं, शाळेची फी, एवढ्यावर गोष्ट चालते आणि तुम्ही मान खाली घालून वाचत राहता. पातळ पुस्तक आहे, एका रविवारी होईल. वाचून झाल्यावर तुझ्या त्या पांढऱ्या कपाटाशेजारचं, शर्टांचं कपाट उघडून बघ जरा.

मग ‘रिंगाण’. कृष्णात खोत पन्हाळ्याकडचे. या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. धरणामुळे उठलेलं गाव, आणि मागे सुटलेली म्हैस. एवढंच सांगते. पहिली काही पानं तुला अडखळायला होईल, कारण बोली तिकडची आहे आणि लेखक तुझ्यासाठी थांबत नाही. मोठ्याने वाच. खरंच सांगते, तोंडाने वाचलं की कानाला कळतं. हाच उपाय नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ला. ती जत तालुक्यातली, मेंढपाळाच्या घरातल्या पोराची, आणि भाषाही त्याच रानातली. तुम्ही पुण्याची मुलं एरवी सिनेमात असली भाषा आली की हसता. इथे हसू येणार नाही.

तुझ्या कामाशी जवळची म्हणजे नंदा खरे यांची ‘उद्या’. तिला दहा वर्षं होऊन गेली, म्हणजे ‘हल्लीची’ नव्हे असं म्हणशील. पण तुमच्या कंपनीत जे चाललेलं तू जेवताना सांगतोस, ते त्यात आधीच लिहून ठेवलेलं आहे. माणसाच्या प्रत्येक हालचालीवर नजर, आणि कारभार कंपन्यांच्या हातात. खरे पेशाने सिव्हिल इंजिनिअर. या कादंबरीला साहित्य अकादमीचा २०२० चा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी तो घेतला नाही. समाजाने खूप दिलं, आता पुरस्कार नकोत, एवढं सांगून विषय संपवला. २०२२ मध्ये ते गेले. सोपी कादंबरी नाही, आणि मला ती सगळी आवडली असंही नाही. मधे मधे माणसं कमी आणि मुद्दे जास्त बोलतात. तरी बाजूला ठेवता आली नाही. तू वाच आणि मला सांग, किती खरं झालं ते. बाबा म्हणतात सगळं, मी म्हणते अजून नाही.

ऋजुतासाठी प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’, रोहन प्रकाशनाची. शहरातल्या तरुण मुलांची, त्यांच्या मैत्रीची, भरकटण्याची. मला पिढीचं अंतर जाणवलं. तिला जाणवणार नाही. तिला इंग्रजी हवं असेल तर ‘ऑर्बिटल’ मिळते का पाहा, २०२४ चं बुकर मिळालेली. सहा अंतराळवीर, एक दिवस, त्या एका दिवसात सोळा वेळा सूर्योदय. घडत काहीच नाही. ज्यांना ‘पुढे काय झालं’ हवं असतं त्यांना झोप येईल. तुला येईल.

एका पुस्तकासाठी मात्र माझा सगळा उपदेश बाजूला ठेव आणि ते विकतच घे. रंगनाथ पठारे यांचा ‘सातपाटील कुलवृत्तांत’. एका कुळाची जवळजवळ सातशे वर्षं त्यात आहेत आणि पुस्तक हातात धरून मनगट दुखावं एवढं जाड. वाचनालयाच्या मुदतीत ते होत नाही. मुदत वाढवायला जाल तोवर पुढच्याने नंबर लावलेला असतो, आणि मग आपण चौदाव्या-पंधराव्या शतकात कुठेतरी लटकतो. असलं पुस्तक घरात असावं, वर्षभर पुरवावं.

प्रदीप कोकरे यांच्या ‘खोल खोल दुष्काळ डोळे’ला २०२५ चा युवा पुरस्कार मिळाला. तिच्यासाठी मी नंबर लावून बसले आहे, त्यामुळे तिच्याबद्दल आत्ता बोलत नाही.

एक लक्षात ठेव, आवडलं नाही तर सोडून द्यायचं. पैसे मोजून आणलेलं पुस्तक तू पन्नास पानांवर ठेवतोस आणि मग ते कपाटातून तुझ्याकडे बघत राहतं. वाचनालयाचं पुस्तक पन्नास पानांवर बंद केलं की दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या कुणाच्या घरी जातं, आणि आपण नव्याने मोकळे. नवा लेखक करून पाहायला याहून स्वस्त वाट नाही. उलट जे पुस्तक परत करताना जिवावर येतं, ते विकत घ्यायचं. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर २०२३ पासून पुस्तक महोत्सव भरतो आहे, नाहीतर आप्पा बळवंत चौक आहेच बारा महिने. तेव्हा खुशाल पिशवी भरून आण. मी कौतुक करीन.

आणि दिवाळीत वाचनालयाची दिवाळी अंकांची योजना घ्यायला विसरू नकोस. एकदाच पैसे भरायचे आणि अंक बदलून बदलून न्यायचे. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला नवे लेखक तिथेच आधी भेटत आलेत. घरोघरी सगळे अंक घेणं कुणाला परवडतं? फक्त लवकर जा. पहिल्या आठवड्यात चांगले अंक ज्येष्ठ नागरिक पळवतात. आम्ही पहाटे फिरून येतो ना, दार उघडायच्या आधीच पायऱ्यांवर बसलेलो असतो.

येत्या शनिवारी सकाळी मोकळा असशील तर मंडईला भेटू. आधी सभासद करते, मग भाजी घेऊ, मग घरी जेवून जा. ऋजुतालाही आण, तिचं स्वतंत्र खातं काढू. एका खात्यावर दोघांनी पुस्तकं आणायची म्हटलं की संसारात नसती भांडणं होतात.

तुझी,
आई

ता. क. ओळखपत्राची झेरॉक्स आणि दोन फोटो आण. वर्गणी परत मिळत नाही, अनामत मिळते, म्हणून तिची पावती जपून ठेव. फोनमध्ये फोटो काढून नव्हे, कागद.