फिल्म एक, अहवाल चार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला शिकते. या हिवाळ्यात आम्ही सहा जणांनी मिळून गुऱ्हाळावर अकरा मिनिटांची शॉर्ट फिल्म केली. फिल्मचं शिक्षण आमच्यापैकी कुणाचंच नाही. मराठी साहित्य, भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, कृषी, वाणिज्य आणि माझं रसायन अशा सहा शाखा आणि तीन कॉलेजं. त्या कामात जे शिकायला मिळालं त्याला आमच्या शिक्षणात जागा नाही, ती मिळायला हवी, म्हणून हे पत्र.

गुऱ्हाळ आमच्या कृषीवाल्या मित्राच्या गावचं. पहाटे पाचला पोहोचलो. कॅमेरा घेऊन आत गेलो आणि दोन मिनिटांत काच पांढरी झाली. पुसली की पुन्हा तेच. काहिलीतून, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतून, उठणाऱ्या वाफेत समोरचा माणूस दिसत नव्हता. आम्ही रुमाल बदलत बसलो होतो, तेव्हा भौतिकशास्त्राची मैत्रीण म्हणाली, ‘‘काच बाहेरच्या थंडीनं गार आहे म्हणून दव धरतंय. आधी ती गरम होऊ दे.’’ कॅमेरा टॉवेलात गुंडाळून चुलवाणापासून हातभर लांब अर्धा तास ठेवला आणि त्यानंतर दिवसभर काच स्वच्छ राहिली. दवबिंदूची व्याख्या आम्ही दोघींनीही परीक्षेत लिहिली होती. ती कुणाच्या उपयोगी पडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

फिल्मचा विषय माझ्याच हट्टानं ठरला होता. गुळाचा पाक कधी उतरवायचा हे गुळव्याला कसं कळतं? रस आटत जातो तशी त्यातली साखर दाट होते आणि उकळण्याचं तापमान चढत जातं. म्हणजे थर्मामीटर लावला की उत्तर मिळालं, असं मी धरून चालले होते. पहिल्या आदणाला, म्हणजे काहीलभर रसाच्या पहिल्या खेपेला, गुळव्यामामांनी ‘‘हां, उतरवा’’ म्हटलं तेव्हा माझ्या थर्मामीटरवर ११८ अंश होते. दुसऱ्या आदणाला ११८ व्हायची मी वाट पाहत होते आणि मामांनी ११५ लाच काहील उतरवायला लावली. मी म्हटलं, ‘‘मामा, अजून तीन अंश कमी हाईत.’’ ते म्हणाले, ‘‘पोरी, ऊस बदललाय न्हवं? आकडा बगून गूळ हुतोय व्हय?’’

ऊस खरंच दुसऱ्या शेतातला होता. पावसाळ्यात त्या शेतात बरेच दिवस पाणी साचून राहिलं होतं, हे कृषीवाल्याला ठाऊक होतं. पाण्यात राहिलेल्या उसात साखरेचं विघटन होतं, गूळ नीट बसत नाही आणि त्याचा पाक वेगळा वागतो. ते रसायन मला येत होतं, शेत त्याला माहीत होतं, पण दोन्ही मिळून काय होतं ते फक्त मामांना माहीत होतं.

मग ते बघतात तरी काय? मामा पळीभर पाक गार पाण्यात सोडत, बोटांनी त्याची गोळी वळत आणि काहिलीच्या काठावर आपटत. आम्ही पाच जण ती गोळी बघत होतो. इलेक्ट्रॉनिक्सवाला मात्र कानाला हेडफोन लावून उभा होता. तो म्हणाला, ‘‘ते बघत नाहीत, ऐकताहेत.’’ मामा हसून म्हणाले, ‘‘कच्ची गोळी थप्प वाजती. झाली की टण्ण वाजती.’’

तो ‘टण्ण’ रेकॉर्ड करायचा तर ऊस गाळणारा चरक थांबवायला हवा होता. मोटरच्या आवाजात शेजारच्याचंही ऐकू येत नव्हतं. आम्ही मालकांना विनंती करायला निघालो तसं वाणिज्यवाल्यानं आम्हाला अडवलं. त्यानं सकाळपासून वहीत हिशेब मांडला होता. तिथली मजुरी आदणावर होती. आमच्यासाठी चरक थांबला, रस कमी पडला आणि संध्याकाळचं शेवटचं आदण हुकलं, तर सगळ्या माणसांची त्या आदणाची मजुरी बुडणार होती. हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यानं मालकांशी बोलून ठरवलं की रसाचा हौद काठोकाठ भरला की मगच दहा मिनिटं चरक बंद करायचा. तसंच केलं आणि दुपारी तो आवाज मिळाला. साहित्याच्या मैत्रिणीनं फिल्मसाठी तीन पानांचं निवेदन लिहून आणलं होतं. आवाज ऐकल्यावर तिनं त्यातली अडीच पानं स्वतः काढून टाकली. मला विचाराल तर आमच्या फिल्ममधलं सगळ्यात मोठं काम ते होतं.

आता कॉलेजांकडे येते. प्रकल्प म्हणून हे काम दाखवायला गेलो तेव्हा रसायन, भौतिक, इलेक्ट्रॉनिक्स आणि कृषी अशा चार विभागांनी चार स्वतंत्र अहवाल मागितले. माझ्या अहवालात आवाजाचा उल्लेख नको, तो ‘आपला विषय नाही’, असं सांगण्यात आलं. आवाज वगळून पाक कसा ठरतो हे मी काय लिहिणार? साहित्याच्या आणि वाणिज्यच्या दोघांना तर हे काम अभ्यासक्रमात बसतच नाही म्हणून एकही गुण मिळाला नाही. ज्यानं मजुरांची मजुरी वाचवली आणि जिनं अडीच पानं खोडली, त्यांचं नाव फक्त फिल्मच्या शेवटी आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बहुविद्याशाखीय शिक्षणावर भर आहे. वेगवेगळ्या संस्थांमधले क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, एका खात्यात जमा करण्याची सोयही २०२१ पासून आहे. पण ते खातं एकेकट्या विद्यार्थ्याचं. तीन कॉलेजांतल्या सहा जणांनी मिळून केलेल्या एका कामाचे क्रेडिट त्यात कसे जमा करायचे, हे आम्ही विचारलं तिथे कुणाला सांगता आलं नाही.

आणि हे सगळं कोल्हापुरात! बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार होते. त्यांनी कॅमेरा इथेच घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले पुढे ‘प्रभात’ फिल्म कंपनीत ध्वनी बघत, फत्तेलाल कलादिग्दर्शन बघत. त्याच दोघांनी मिळून दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यांना कुणी विचारलं असतं का, की तुमचा नेमका विषय कोणता?

विद्यापीठांकडे आमचं मागणं फार मोठं नाही. आमचं वेळापत्रक कधीच जुळलं नाही. सहा जण एकत्र आलो ते फक्त रविवारी, आणि एक रविवार परीक्षेनं खाल्ला. शहरातल्या सगळ्या कॉलेजांना आठवड्यातली एक दुपार सामाईक मोकळी द्या. अशा कामाचा अहवाल एकच असू द्या. त्यात प्रत्येकानं काय केलं ते नावानिशी लिहिलेलं असेल आणि खाली दोन वेगळ्या विषयांच्या मार्गदर्शकांच्या सह्या असतील. आणि प्रयोगशाळेतलं उपकरण दुसऱ्या विभागाच्या विद्यार्थ्याला सही करून नेता यावं. आमचा मायक्रोफोन लग्नाच्या फोटोग्राफरकडून उसना आणलेला होता, आणि तसाच मायक्रोफोन कॉलेजच्या कपाटात कुलपात पडून होता.

फेब्रुवारीत गुऱ्हाळाच्या अंगणात चादर बांधून आम्ही फिल्म दाखवली. गोळीचा आवाज आला तसे मामा उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘ह्यो दुसऱ्या आदणाचा हाय.’’ बरोबर होतं. दिवाळीनंतर चुलवाण पुन्हा पेटेल तेव्हा या, पहिल्या आदणापासून शिकवतो, असं त्यांनी आम्हाला सांगून ठेवलंय. माझं हे शेवटचं वर्ष. धाकट्या वर्गातल्या चौघी जायला तयार आहेत, दोघी विज्ञानाच्या आणि दोघी कलाशाखेच्या. त्यांना कोणत्या विभागात अर्ज करायला सांगू?

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी, कोल्हापूर