बॅटरी, सेल आणि रात्रपाळीची लाईन

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाहून परत येऊन आठ दिवस झाले. आंबिलाची चव अजून तोंडात आहे, पण त्या रात्रीची गोष्ट काही डोक्यातून जात नाही. पाव्हणे गेले, पोरांच्या हातातले पेटते हेंडगे विझले, साडेअकराला थ्री फेज लाईन आली आणि बाबा, तुम्ही स्वेटर चढवून हरभऱ्याकडं निघालात. मीही मागं आले. स्प्रिंकलरच्या नळ्या उचलून पुढच्या पट्ट्यात टाकायच्या होत्या. तुमच्या हातातल्या बॅटरीचा उजेड पिवळट पडला होता, पायापुढं जेमतेम दोन हात दिसत होतं. मी मोबाईलचा उजेड पाडला तेव्हा धुऱ्याच्या कडेला उंदरांची बिळंच बिळं दिसली. उंदीर आहे तिथं काय येतं हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही म्हणालात, "दिसतंय की. अजून दोन दिवस चालतेत हे सेल."

बाबा, दिसत नव्हतं. तुम्हाला दिसतंय असं वाटत होतं. साधा सेल नवा असतो तेव्हा दीड व्होल्टचा असतो, आणि वापरू तसा उतरत उतरत एक व्होल्टपर्यंत येतो. उजेड रोज चिमूटभर कमी होतो आणि डोळ्याला त्याची सवय होत जाते. म्हणून बॅटरी उतरलीय हे धरणाऱ्याला कळत नाही, शेजारी उभ्या असलेल्याला कळतं. त्या रात्री मी शेजारी होते. एरवी तिथं कुणी नसतं.

ती मोठ्या सेलांची बॅटरी तुम्ही का सोडत नाही हे मला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता धरणी हलली, तेव्हा मी सहा वर्षांची होते. अंगणात आईच्या मांडीवर होते आणि तुम्ही हीच बॅटरी घेऊन भावकीतल्या घराघरांत माणसं मोजत फिरत होतात, एवढं आठवतं. पुढं किल्लारीकडून एकेक बातमी यायला लागली. त्या रात्री जिनं साथ दिली ती टाकून द्या असं मी म्हणणारच नाही. ती खुंटीवर राहू द्या. शेतात मात्र दुसरी न्या.

ती दुसरी मी एसटीच्या पार्सलनं पाठवलीय, औशाच्या स्टँडवरून घ्या. खोक्यात एलईडीची लहान बॅटरी आहे, दोन पेन्सिल सेलांवर चालणारी. सोबत पुन्हा पुन्हा भरता येणारे आठ सेल आणि त्यांचा चार्जर आहे. हे सेल निकेल मेटल हायड्राइडचे आहेत, खोक्यावर तसं लिहिलंय.

तुम्ही म्हणाल, चार्जिंगची बॅटरी मागंही आणली होती, तिचं काय झालं? बरोबर आहे. तिच्या आत शिसं-आम्लाची बंद बॅटरी होती, आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचंच लहान रूप. पावसाळाभर ती शेतातल्या खोपीत, आखाड्यावर, रिकामीच टांगून राहिली. तसली बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या पट्ट्यांवर थर धरतो आणि मग ती भरून घेत नाही. दोष तुमचा नव्हता, ती कशी सांभाळायची हे कुणी सांगितलंच नाही. शिवाय आतलं मेलं की सगळीच टाकावी लागते. नव्यात तसं नाही. सेल सुटे आहेत, एक जोडी संपली की दुसरी घालायची, आणि कधी अडलंच तर दुकानातले साधे पेन्सिल सेलही तिला चालतात.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण याच्यात तुम्ही फसाल अशी मला धास्ती आहे. हे सेल साध्यासारखे हळूहळू उतरत नाहीत. सव्वा व्होल्टच्या आसपास शेवटपर्यंत टिकून राहतात, उजेड जवळपास सारखाच, आणि मग थोड्या वेळातच बसतात. म्हणजे इशारा मिळत नाही. म्हणून भरलेली दुसरी जोडी कायम स्वेटरच्या खिशात हवी, नुसती नाही, खोक्यातल्या प्लास्टिकच्या डबीत. खिशातल्या किल्ल्या-नाण्यांना दोन्ही टोकं टेकली तर सेल तापतो. प्रत्येक सेलावर मी १ ते ८ आकडे टाकलेत. १-२ एक जोडी, ३-४ दुसरी, असं. जोड्या मोडू नका. कमी भरलेला आणि पूर्ण भरलेला एकत्र घातला की कमी भरलेला उलटा पिळला जातो आणि लवकर मरतो.

रिकामी जोडी भरायला या चार्जरला चार-पाच तास लागतात. मध्ये लाईट गेली तरी बिघडत नाही, आली की पुढं चालू होतो. प्रत्येक सेल भरला की त्याचा दिवा हिरवा होतो आणि चार्जर आपोआप थांबतो. आई, हे तुझ्याकडं देते, कारण तू विसरत नाहीस. पण साधा सेल चुकूनही त्यात ठेवू नकोस. तो भरण्यासाठी बनवलेलाच नसतो, गळतो नाहीतर फुटतो. तू उतरलेले सेल पत्र्यावर उन्हात टाकतेस ना, त्यानं घटकाभर जीव येतो हे खरं, ऊब लागली की आतली उरलीसुरली क्रिया जोर धरते. नवीन मात्र काही भरत नाही. आणि हे नवे सेल तर उन्हात मुळीच नकोत. वैशाखात पत्र्याखाली ठेवले तरी भरलेला चार्ज भराभर उडेल. मधल्या घरातल्या देवळीत ठेव.

खर्चाचं बोलते. आईनं सांगितलं, रब्बीत दर आठ-दहा दिवसांनी दोन मोठे सेल लागतात. चार महिन्यांचे धरले तरी पंचवीस-तीस होतात. पाठवलेल्याची किंमत दोन-अडीच वर्षांत फिटेल आणि सेल त्यापुढंही चालतील, शेकडो वेळा भरता येतात. सेलावर एमएएचचा आकडा असतो, म्हणजे त्यात किती चार्ज मावतो तो. जत्रेत कुणी ४००० लिहिलेले स्वस्तातले दाखवले तर घेऊ नका. पेन्सिल सेलात निकेलच्या जातीचं एवढं मावतच नाही. मी पाठवलेल्यांवर २००० आहे आणि ते खरं आहे.

याचा अर्थ घरात सगळीकडं हेच घालायचे असं नाही. भिंतीवरचं घड्याळ इतकं कमी ओढतं की साधा सेल वर्षभर जातो. तिथं महागडा सेल घालून उपयोग नाही. पाडव्याला गुढी उभारली की घड्याळाचा आणि टीव्हीच्या रिमोटचे सेल बदलायचे, चालू असले तरी. जुना सेल आत विसरला की गळतो.

आणि गळण्यावरून बीपीच्या मशीनचं. आई, तू म्हणालीस मशीन बंद पडलं, म्हणून दोन महिने बीपी बघितलाच नाही. मी मागचं झाकण काढलं तर चार सेलांपैकी दोघांच्या बुडाला पांढरी भुकटी साचली होती, स्प्रिंग हिरवट झाली होती. मशीन धड होतं. मशीनसोबत आलेले अल्कलाईन सेल होते, त्यातला क्षार बाहेर आला होता. अर्धं लिंबू पिळलं, कापसाच्या बोळ्यानं पुसलं, कोरडं केलं आणि नवे सेल घातले तर पहिल्या दाबाला पट्टा फुगला. दोन महिने, आई! एवढ्याशा भुकटीपायी. त्यात अल्कलाईनच राहू देत, पुस्तिकेत तसंच लिहिलंय. साधे सेल घालू नका, पट्टा फुगवणाऱ्या मोटरला त्यांचा जोर पुरत नाही. झाकणाच्या आत मी तारीख लिहून चिकटवलीय. आठवड्यातून दोनदा बघ आणि मला आकडा सांग.

साखर तपासायच्या यंत्रात नाण्यासारखा चपटा सेल आहे, सीआर २०३२. तो संपला की तसलाच आणायचा. जुना काढला की लगेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून वरच्या फळीवर ठेवा. उन्हाळ्यात नातू येईल, त्याला सगळं तोंडात घालायची सवय आहे. तसला सेल पोराच्या घशात अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. असं काही झालंच तर वाट न बघता थेट लातूर गाठायचं.

वापरलेले सेल चुलीत नकोत, फुटतात. उकिरड्यावरही नकोत, तोच उकिरडा शेणखत होऊन आपल्या रानात जातो. खणात सदतीस निघाले होते. ते मी सोबत आणले. २०२२ च्या नियमांप्रमाणं जुने सेल गोळा करून पुनर्वापराला लावायची जबाबदारी ते विकणाऱ्या कंपन्यांवर आहे, आणि इथं असे सेल घेणारी ठिकाणं आहेत. तुम्ही गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात साठवा, मी दरवेळी घेऊन जाईन.

बाबा, रात्रीची लाईन तुमच्या हातात नाही, पाणी द्यावंच लागतं, हे मला कळतं. नळ्या बदलून आखाड्यावर परत आलात की मला एक मिस कॉल द्या. कितीही वाजू देत. मी जागीच असते.

तुमची लेक

ता. क. नव्या बॅटरीत दोन्ही सेल एकाच दिशेनं घालायचे, टोपीचं टोक काचेकडं. पहिली जोडी, १-२, मी भरून आतच ठेवलीय. मध्ये कागदाची चकती आहे, ती काढल्याशिवाय लागणार नाही.