आईचा घास तिच्याच पोटात जावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दापोली तालुक्यातल्या एका वाडीवर मी २६ वर्षे अंगणवाडी सेविका होते. कुपोषणाची बातमी आली की मुलाचे वजन, उंची, दंडाचा घेर छापून येतो. ज्या पोटात ते मूल वाढले, त्या पोटात नऊ महिने काय गेले, हे फारसे कुठे वाचायला मिळत नाही.

जुलैतली गोष्ट आहे. १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे खलाशाच्या घरात पैसा नाही आणि शेतात लावणी चाललेली. आठवा महिना लागलेली एक सून दिवसभर चिखलात वाकून आली होती. मी गेले तेव्हा जेवणे चालू होती. सासरा, नवरा, दोन पोरे, मग सासू. शेवटी ती बसली, तेव्हा टोपात तळाची पेज उरली होती आणि सोबत चिमूटभर सुकट. मी बोलले, तर सासू म्हणाली, "बाई, जास्त खाल्लं तर मूल मोठं होतं, बाळंतपण अडतं." ती वाईट बाई नव्हती. तिच्या सासूनेही तिला हेच सांगितले होते आणि तीही अशीच तळाची पेज पिऊन बाळंत झाली होती.

बाळ १ किलो ९०० ग्रॅमचे झाले. अडीच किलोच्या आत म्हणजे कमी वजनाचे. अशा बाळाच्या अंगात लोहाचा साठा मुळातच कमी, त्यात आजारपणे मागे लागतात. ती मुलगी होती. अशीच खुरटून वाढली, अठराव्या वर्षी लग्न झाले, की तिच्याही पोटी तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले खुजी आढळली, तर दर पाच बायकांत एक हाडकुळी. हे दोन आकडे आपण वेगवेगळे का वाचतो?

गरोदर बाईला आम्ही घरपोच आहाराची पाकिटे द्यायचो. पाकीट घरात गेले की ते साऱ्या घराचे होते. पोरे रडत असताना कुठली आई एकटी खाईल? लोहाच्या गोळ्यांचेही तसेच. उपाशीपोटी घेतल्या की मळमळतात, मग फडताळात पडून राहतात.

आदिवासी क्षेत्रात २०१५ पासून अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातेला दिवसातून एकदा गरम, चौरस जेवण मिळते. तिथे बसून जेवली की घास तिच्याच पोटात जातो. रत्नागिरी जिल्हा त्या क्षेत्रात येत नाही. पण आमच्या कातकरी वाड्यांतली आणि खलाशांच्या घरातली भूक क्षेत्र बघून लागत नाही.

शासनाने हे जेवण आमच्या अंगणवाड्यांतही द्यावे. एकदम सगळीकडे जमत नसेल, तर निदान जून ते सप्टेंबर द्यावे. भात, कुळथाची पिठी, अंडे, परसातली भाजी, एवढे आमच्या मदतनीस रांधू शकतात. त्यांना त्याचा वेगळा मोबदला मात्र द्यायलाच हवा.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका, ता. दापोली